दुतोंड्या मारुती आणि इंग्रजी क्रियाविशेषणं

प्रश्न पिंपळगाव बसवंतच्या एका मुलाचा आहे. दिवसा सातपूरला नोकरी, संध्याकाळी आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास, आणि रायटिंगमध्ये दोनदा सहाच्या बँडवर, म्हणजे गुणपातळीवर अडकलेला. रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात दिलेल्या आलेखाचं वर्णन लिहायचं असतं. तो लिहितो: "मॅडम, आलेखाच्या उत्तरात बदल दाखवणाऱ्या क्रियापदांना क्रियाविशेषणं लावली की बँड वाढतो, असं क्लासमध्ये सांगतात. मी चाळीस शब्द पाठ केले. शार्पली, स्टेडिली, ड्रॅस्टिकली, सिग्निफिकंटली, सगळे वापरले. स्कोअर तिथेच. कुठला शब्द कुठे वापरायचा याचा काही नियम आहे का?" सोबत कांद्याच्या भावाच्या आलेखावर त्याने लिहिलेला सरावाचा परिच्छेद आहे. त्या परिच्छेदाकडे शेवटी येते, कारण त्यात चार वाक्यांत क्रियाविशेषणांच्या चार वेगवेगळ्या चुका आहेत आणि चारही शिकण्यासारख्या आहेत.

अरे, पाठांतर वाया गेलेलं नाही. पण यादीत हे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटायला लागतं. मी बावीस वर्षं नाशिकमध्ये इंग्रजी शिकवते आहे, आणि वहीत सगळ्यात जास्त लाल शाई याच गैरसमजावर खर्च झाली आहे. क्रियाविशेषण ही फोडणीवरची कोथिंबीर आहे असं धरून मुलं ते शेवटी भुरभुरतात. प्रत्यक्षात ते एक विधान असतं. 'रोझ शार्पली' लिहिलंस की तू परीक्षकाला सांगतोस, या जागी रेघ उभी चढली आहे. तो आलेख बघतो. रेघ तिरपी, आळसावलेली असेल तर तुझा शब्द कितीही भारी असो, माहिती चुकली.

आपल्याकडचंच उदाहरण घे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक गोदावरीच्या पात्रातल्या मूर्तीकडे बघून एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचा आकडा बातम्यांत येतो, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी, हे गोदाघाटावर उभ्या असलेल्या किती जणांच्या डोळ्यांसमोर येतं? मारुतीची कंबर सगळ्यांना कळते. आता नीट ऐक. 'पाणी गुडघ्यावरून छातीला गेलं' हे झालं किती वाढलं त्याचं उत्तर. 'दुपारी पायाशी होतं, चहा घेऊन येईस्तोवर कमरेला' हे झालं कसं वाढलं त्याचं उत्तर. बदलाबरोबर येणाऱ्या इंग्रजी क्रियाविशेषणांची मुख्य दोन घराणी हीच. स्लाइटली, मार्जिनली, मॉडरेटली, कन्सिडरेबली, सब्स्टॅन्शली हे शब्द किती ते सांगतात. रॅपिडली, स्लोली, ग्रॅज्युअली, स्टेडिली, सडनली हे कसं ते सांगतात. शार्पली आणि स्टीपली दोन्हीकडचे आहेत: थोड्या वेळात बराच बदल, म्हणजेच चढ उभा.

शब्द लिहिण्याआधी एवढंच स्वतःला विचार की मला किती सांगायचं आहे की कसं. निम्म्या चुका तिथेच गळून पडतात.

कारण या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. संक्रांतीला आजी म्हणते, आता दिवस तिळातिळाने वाढणार. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस यांत सव्वादोन तासांहून जास्त फरक पडतो. फरक मोठा आहे, म्हणून 'कन्सिडरेबली'. पण रोज साधारण मिनिटभर किंवा त्याहूनही कमी, म्हणून 'ग्रॅज्युअली'. दोन्ही शब्द एकाच बदलाला लागू पडतात आणि कुणी कुणाला खोडत नाही. आणि गंमत बघ, ही वाढ सारख्या वेगाची नसते. डिसेंबरच्या शेवटी दिवस जवळपास हलतच नाही, संक्रांतीच्या सुमारास वाढ तिळाएवढी असते, मार्चमध्ये ती सगळ्यात वेगवान होते. म्हणून काटेकोर बोलायचं तर तिथे 'अॅट अ कॉन्स्टंट रेट' लिहिता येणार नाही. 'स्टेडिली' मात्र चालेल, कारण त्या शब्दाला मोजपट्टीचा समान वेग लागत नाही. मध्ये खंड पडला नाही, रेघ उलटी फिरली नाही, एवढं त्याला पुरतं.

मराठीतला 'हळूहळू' हा शब्द आपल्याला इथे थोडा फसवतो. तो 'स्लोली'चंही काम करतो आणि 'ग्रॅज्युअली'चंही. इंग्रजीत ते वेगळे आहेत. 'ग्रॅज्युअल'च्या मुळाशी लॅटिनमधला पायरी या अर्थाचा शब्द आहे. पायरी पायरीने, टप्प्याटप्प्याने. बैलगाडी 'स्लोली' जाते, ती 'ग्रॅज्युअली' जात नाही. माणसाचं मत 'ग्रॅज्युअली' बदलतं. 'स्लोली'मध्ये वेग कमी असल्याची भावना, कधी कधी कुरकुरही असते. 'ग्रॅज्युअली'मध्ये ती नसते. 'रातोरात' मात्र सरळ जुळतो: 'ओव्हरनाइट'. आणि 'दिवसेंदिवस'साठी मुलं 'डे बाय डे' लिहितात. चूक नाही, पण गुणविशेषण पुढे असेल तर 'इनक्रीझिंगली' जास्त नेटकं बसतं. 'इट इज बिकमिंग इनक्रीझिंगली डिफिकल्ट'.

आता एक सापळा, ज्यात हुशार मुलंही पडतात. जनगणनेप्रमाणे नाशिक शहराची लोकसंख्या २००१ साली सुमारे १० लाख ७७ हजार होती, २०११ साली सुमारे १४ लाख ८६ हजार. वाढ साधारण ३८ टक्के. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की दहातले सात जण लिहितात, 'द पॉप्युलेशन इनक्रीज्ड स्टेडिली'. कशावरून? तुझ्याकडे दोनच बिंदू आहेत. मधल्या दहा वर्षांत रेघ सरळ गेली, की आधी झोपली आणि मग उसळली, हे तुला ठाऊक नाही. दोन बिंदूंवरून फक्त 'किती' सांगता येतं: 'इनक्रीज्ड कन्सिडरेबली', 'रोझ बाय जस्ट अंडर ४० पर्सेंट'. 'कसं' सांगायला मधले बिंदू लागतात. स्तंभालेखात दोनच वर्षं दिलेली असली की स्टेडिली, ग्रॅज्युअली, स्मूदली हे शब्द खिशातच ठेव. ही एक गोष्ट पाळलीस तरी तुझं लिखाण बाकीच्यांपेक्षा वेगळं वाचलं जाईल.

क्रियापदांकडे वळू. लासलगावच्या लिलावाची बातमी वाचतोस ना? भाव घसरले, कोसळले, गडगडले, वधारले, भावाने उसळी घेतली. 'भाव हळूहळू गडगडले' असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? गडगडण्यात वेग आलाच. 'भाव थोडेसे कोसळले' हेही नाही. मराठीत हे तुझ्या कानाला आपोआप कळतं. इंग्रजीतही अगदी हेच आहे, फक्त कान तयार व्हायचा आहे. 'प्लमेट', 'प्लंज', 'सोअर', 'सर्ज', 'रॉकेट' या क्रियापदांच्या पोटातच क्रियाविशेषण आहे. त्यांना 'शार्पली' जोडणं म्हणजे पिवळा पीतांबर, आणि 'सोअर्ड स्लाइटली' हा तर विनोद. दुसऱ्या टोकाला 'क्रीप अप', 'एज अप', 'डिप', 'स्लिप' ही मऊ क्रियापदं आहेत. तीही बहुतेक वेळा एकटीच बरी. क्रियाविशेषणाची खरी गरज साध्या क्रियापदांना असते: राइज, फॉल, इनक्रीज, डिक्रीज, ड्रॉप, ग्रो, चेंज. यांच्यात दिशा असते, चाल नसते. चाल तू द्यायचीस.

'ड्रॅस्टिकली'वर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हा शब्द आपल्या भागात फार लाडका आहे आणि त्याने मला एकदा तोंडघशी पाडलं आहे. सुरुवातीच्या काळात मी एका कारखान्याची इंग्रजी पत्रं तपासून द्यायचे. एका महिन्यात नाकारलेल्या सुट्या भागांचं प्रमाण शंभरात एकावरून दीडवर गेलं होतं, आणि तिथल्या साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकाला लिहिलं, 'रिजेक्शन हॅज इनक्रीज्ड ड्रॅस्टिकली'. मी व्याकरण तपासलं. वाक्य शुद्ध होतं, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन, माल थांबवा, माणूस पाठवतो. इंग्रजीत हा शब्द मुळात औषधासाठी वापरात आला, जोरकस परिणाम करणाऱ्या, विशेषतः जालीम जुलाबासाठी. तो वास अजून गेलेला नाही. 'ड्रॅस्टिकली' म्हटलं की टोकाचा, हादरवणारा, बहुधा वाईट किंवा नाइलाजाने केलेला बदल. 'कट ड्रॅस्टिकली', 'रिड्यूस ड्रॅस्टिकली', 'चेंज ड्रॅस्टिकली' इथे तो शोभतो. 'लिटरसी इनक्रीज्ड ड्रॅस्टिकली' वाचलं की इंग्रजी कानाला खटकतं, साक्षरता वाढली याचं याला दुःख आहे की काय? तिथे 'ड्रॅमॅटिकली' किंवा 'सब्स्टॅन्शली'.

'सिग्निफिकंटली'चं वेगळंच. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ लक्षात येण्याजोगा, महत्त्वाचा. आयईएलटीएसमध्ये बिनधास्त वापर. पण उद्या तू परदेशात एम.एस.ला गेलास आणि प्रबंधात हा शब्द लिहिलास, तर मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतील, कुठली चाचणी लावली? संख्याशास्त्रात तो शब्द राखीव आहे; तिथे फरक छोटा असूनही 'सिग्निफिकंट' असू शकतो आणि मोठा असूनही नसू शकतो. तिथे 'मार्क्डली' किंवा 'कन्सिडरेबली' बरा. 'मार्क्डली'चा उच्चार मात्र 'मार्किडली', मार्-किड्-ली असा तीन तुकड्यांत. बोलण्याच्या परीक्षेत उपयोगी पडेल. 'एक्स्पोनेन्शली' तर विसरच. प्रत्येक टप्प्यात ठरावीक पटीने वाढणाऱ्या गोष्टीलाच तो लागतो, नुसत्या 'खूप'साठी नाही.

चढ-उतार आणि विविधता यांची भानगड निराळी आहे. 'फ्लक्चुएट' म्हणजे एकाच गोष्टीचं वेळेनुसार खालीवर होणं: निफाडचा हिवाळ्यातला पारा. 'व्हेरी' म्हणजे ठिकाणानुसार, माणसानुसार, प्रतीनुसार वेगळं असणं: एकाच दिवशी दिंडोरीच्या द्राक्षांचे वेगवेगळ्या प्रतींना मिळालेले भाव. अर्थात 'व्हेरी' वेळेनुसारही चालतं, पण 'फ्लक्चुएट' ठिकाणानुसार चालत नाही. 'व्हेरी'शी 'वाइडली', 'ग्रेटली', 'कन्सिडरेबली' जमतात. 'फ्लक्चुएट'शी 'वाइल्डली' जमतं. एका अक्षराचा फरक दिसतो, पण अर्थ दूर आहेत: 'वाइडली'मध्ये पल्ला रुंद, 'वाइल्डली'मध्ये चाल बेभान. मतांच्या फरकासाठी 'डिफर शार्पली'. आणि 'फ्लक्चुएटेड स्टेडिली' कधीच नाही. खालीवर होणारी गोष्ट एकाच दिशेने संथ कशी जाईल? ठरावीक लयीत खालीवर होत असेल तर 'रेग्युलरली'.

बदलच झाला नसेल तर? इथे व्याकरण आडवं येतं. 'रिमेन' आणि 'स्टे' यांच्यापुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण येत नाही: 'रिमेन्ड स्टेडी', 'रिमेन्ड स्टेबल', 'स्टेड कॉन्स्टंट'. 'रिमेन्ड स्टेडिली' चूक. मराठीत आपण 'भाव स्थिर राहिले' म्हणतो, 'स्थिरपणे राहिले' म्हणत नाही, तोच न्याय. मात्र 'रिमेन्ड रिलेटिव्हली स्टेबल' बरोबर, कारण तिथलं क्रियाविशेषण विशेषणाला चिकटलं आहे. हालचालीच्या क्रियापदांत 'फास्टली' नावाचा शब्द आपण नाशिककरांनी, खरं तर सगळ्या देशाने मिळून, इंग्रजीला बहाल केला आहे. तो प्रमाण इंग्रजीत नाही. 'ही रॅन फास्ट'. आणि 'हार्डली' हा 'हार्ड'चा भाऊ नाही. 'प्राइसेस हार्डली चेंज्ड' म्हणजे भाव जेमतेम हलले. 'हार्डली वर्क्ड' लिहून स्वतःला आळशी ठरवणारे अर्ज मी मोजलेले नाहीत.

जागेबद्दल थोडक्यात. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून आपला हात इंग्रजीतही तिकडे वळतो. 'प्राइसेस शार्पली रोझ' अगदी चूक नाही, पण परीक्षेत 'रोझ शार्पली' सुरक्षित. कर्म असेल तर क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये घुसायचं नाही: 'रेज्ड द ड्यूटी शार्पली'. 'ऑलमोस्ट', 'निअरली', 'मोअर दॅन' हे मात्र आधीच येतात: 'निअरली डबल्ड'. दुप्पट झालं म्हटल्यावर किती ते ठरलंच, म्हणून 'डबल्ड कन्सिडरेबली' निरर्थक. नामाचं रूप वापरलंस तर क्रियाविशेषणाचं विशेषण होतं आणि अव्ययं बदलतात: 'अ शार्प राइज इन प्राइसेस', 'अ राइज ऑफ ५ रुपीज', क्रियापदाला 'रोझ बाय ५ रुपीज', 'रोझ टू २० रुपीज'. 'बाय' आणि 'टू'ची अदलाबदल केलीस तर आकडाच खोटा होतो, आणि तिथे क्रियाविशेषण तुला वाचवायला येत नाही.

आणखी एक, कारण हे वर्तमानपत्रांतही चुकतं. 'इन्फ्लेशन फेल शार्पली' म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. महागाईचा दर घटला. तो शून्याखाली गेला नसेल तर भाव अजून चढताहेत, फक्त सावकाश. आलेखाच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाच. अक्षावर 'वाढीचा दर' असेल आणि तू लोकसंख्या घटली असं लिहिलंस, तर पुढचं सगळं चोख असूनही पायाच चुकला.

तुझ्या परिच्छेदाकडे येते. क्लासने दिलेल्या सरावाच्या आलेखात भाव किलोला जूनमध्ये १५ रुपये, ऑगस्टमध्ये २०, नंतर नोव्हेंबरपर्यंत २० ते ३८ यांच्यात खालीवर, डिसेंबरात ३६ वरून १८, आणि मग एप्रिलपर्यंत १७-१८. तू लिहिलंस, 'इनक्रीज्ड ड्रॅस्टिकली फ्रॉम १५ टू २० रुपीज'. किलोमागे पाच रुपये म्हणजे क्विंटलला पाचशे. वडिलांना विचार, त्यांच्यासाठी ती लहान रक्कम नाही. पण परीक्षक वावरात उभा नाही, तो ४० पर्यंतच्या अक्षाकडे बघतोय, आणि शेजारी २० ते ३८ ची उसळी आहे. तिच्यापुढे ही वाढ 'मॉडरेटली'. क्रियाविशेषणाचं वजन नेहमी त्याच आलेखातल्या बाकीच्या हालचालींच्या तुलनेत ठरतं. अमुक टक्क्यांच्या पुढे 'शार्पली' असा तक्ता कुणी दिला तर फाडून टाक.

दुसरं वाक्य, 'फ्लक्चुएटेड स्टेडिली': वर सांगितलं. 'फ्लक्चुएटेड वाइल्डली बिटवीन २० अँड ३८ रुपीज' कर. तिसरं, 'प्लमेटेड सडनली अँड ड्रॅमॅटिकली': तीन शब्दांत एकच गोष्ट. 'इन डिसेंबर इट प्लमेटेड फ्रॉम ३६ टू १८ रुपीज' पुरेसं, किंवा साधं क्रियापद घेऊन 'फेल बाय हाफ'. आणि तू त्यापुढे 'ड्यू टू एक्स्पोर्ट बॅन' जोडलंस, ते काढ. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली होती, ती ४ मे २०२४ ला उठली, हे तुला-मला पाठ आहे; पण हा सरावाचा काल्पनिक आलेख आहे, आणि आयईएलटीएसच्या पहिल्या प्रश्नात आलेखाबाहेरचं कारण लिहायचं नसतं. चौथं, 'रिमेन्ड स्टेडिली': 'रिमेन्ड स्टेडी अॅट अराउंड १८ रुपीज'.

बँडचं म्हणशील तर, शब्दसंपदा हा चार निकषांपैकी एक आहे, चारही समान वजनाचे. त्यातही परीक्षक शब्द मोजत बसत नाही. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो याची तुला जाण आहे का, ते बघतो. किमान १५० शब्दांचं उत्तर, वेळ साधारण २० मिनिटं, आणि दुसऱ्या प्रश्नाचं वजन याच्या दुप्पट. एवढ्या जागेत नेमकी पाच-सहा क्रियाविशेषणं भरपूर झाली. काही वाक्यं मुद्दाम क्रियाविशेषणाशिवाय, नुसत्या आकड्यांवर उभी राहू देत.

ती चाळीस शब्दांची यादी आता उभी फाड, एका कागदावर 'किती', दुसऱ्यावर 'कसं'. दोन्हीकडचे शब्द मधोमध काढून ठेव. मग आठ दिवस पिंपळगाव बाजार समितीचे रोजचे टोमॅटोचे भाव लिहून ठेव, कागदावर रेघ काढ आणि तिच्यावर आठ वाक्यं लिही: आधी मराठीत, वडिलांना सांगतोस तशी, आणि मग इंग्रजीत. मराठीत 'थोडे वाढले' म्हणालास आणि इंग्रजीत 'ड्रॅमॅटिकली' आलं, तर तिथे खूण कर. ती वही घेऊन ये.